काशीदच्या गुंठ्याचा हिशोब : भात, वाल आणि सुपारीत पीक वाढतं कसं, पैसा उरतो कसा

काशीद (ता. मुरुड) : काशीद म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला पांढरी पुळण आणि घोडागाडी आठवते. रस्त्याच्या वरच्या अंगाला, फणसाडच्या डोंगराच्या पायथ्याशी भाताची खाचरं आहेत आणि वस्तीला धरून नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, याकडे गाडीतून जाणाऱ्याचं लक्ष जात नाही. जमीन घेणाऱ्याचं मात्र बरोबर जातं. काशीदपासून नांदगाव, मुरुडपर्यंत ज्याच्या नावावर चार गुंठे आहेत त्याला एकदा तरी विचारणा झालेली असते. आणि घरातला पोरगाही विचारतो, "भातात काय राहिलंय?"

प्रश्न चुकीचा नाही. एकेकाकडे दहा, वीस, तीस गुंठे जमीन. मजुरी वाढली, बैलजोडी गेली, पॉवर टिलर भाड्याने आणावा लागतो. जमीन वाढणार नाही. मग उरतं एकच, आहे त्या गुंठ्यातून जास्त काढायचं आणि कमी खर्चात काढायचं. त्यासाठी जी विद्या लागते तिला कृषिविद्या म्हणतात. नाव मोठं आहे, पण तिचा निम्मा भाग मोजणी आहे आणि ती बारावी न झालेल्या माणसालाही जमते.

भात कसा मोजायचा?

भाताचं उत्पन्न चार गोष्टींचा गुणाकार असतो. एका चौरस मीटरमध्ये चूड किती, एका चुडाला लोंब्या किती, एका लोंबीत भरलेले दाणे किती आणि हजार दाण्यांचं वजन किती. समजा मीटरभरात २५ चूड आहेत, प्रत्येक चुडाला ८ लोंब्या, लोंबीत ८० भरलेले दाणे आणि हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम. गुणाकार केला तर ४०० ग्रॅम होतात. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला ४० किलो भात. आता चूड तेवढेच ठेवा, लोंब्या १० आणि दाणे १०० करा. मीटरला ६२५ ग्रॅम, गुंठ्याला ६३ किलो. जमीन तीच, पाऊस तोच.

ही मोजणी सप्टेंबरअखेर, लोंब्या वाकायला लागल्या की कुणालाही करता येते. काठ्यांचा एक मीटरचा चौकोन करायचा, खाचरात तीन-चार ठिकाणी टाकायचा आणि बसून मोजायचं. चूडच कमी निघाले तर दोष लावणीत आहे. चूड आहेत पण फुटवे नाहीत, तर रोप म्हातारं लावलं किंवा सुरुवातीला अन्न कमी पडलं. लोंब्या भरपूर पण दाणा पोचट, तर शेवटी पाणी तुटलं, नत्र जास्त झालं किंवा करपा-खोडकिडा लागला. डॉक्टर नाडी बघतो तसं हे आहे. न मोजता "यंदा पिकलं नाही" एवढंच म्हटलं तर पुढच्या वर्षी काय बदलायचं ते कळत नाही, आणि मग दुकानदार देईल ती बाटली आणली जाते.

आपल्याकडे चूड कमी का भरतात? लावणी उक्ती दिली की बाया भराभर लावतात, एका चुडात सहा-सात काड्या घालतात आणि अंतर हातभर जातं. दिसायला जाड चूड, पण आतल्या काड्या एकमेकींशीच भांडतात. दोन-तीन काड्यांना मोकळी जागा मिळाली की फुटवा जास्त येतो. रोपाचं वयही महत्त्वाचं. हळव्या जातीचं रोप २१ ते २५ दिवसांत शेतात जायला हवं. पाऊस लांबला, मजूर मिळाले नाहीत म्हणून ४० दिवसांचं रोप लावलं तर त्याचे फुटवे यायचे दिवस रोपवाटिकेतच संपलेले असतात. त्यावर कितीही खत टाका. उपाय एवढाच की सगळं बी एका दिवशी पेरायचं नाही, आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरायचं.

जातीचं गणितही जमिनीवर आहे. वरकस, पाणी न धरणाऱ्या खाचरात हळवी, मध्यम जमिनीत निमगरवी, खोलगट आणि पाणथळ जागी गरवी, हे जुन्या माणसांना पाठ होतं. शास्त्र त्याच्या विरुद्ध काही सांगत नाही, फक्त जाती नव्या देतं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने हळव्यात कर्जत १८४, कर्जत ३, कर्जत ७, तर गरव्यात कर्जत २ अशा जाती दिल्या. खाडीकाठच्या खाऱ्या शेतात या जाती दम धरत नाहीत. तिथे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या जाती आहेत. शेजाऱ्याचं भात चांगलं आलं म्हणून त्याचं बी आणायचं आणि शेत मात्र आपलं खारं, असं झालं तर दोष बियाण्याला देऊन उपयोग नाही.

बी निवडायला आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात स्वस्त वस्तू पुरते, ती म्हणजे मीठ. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं आणि ढवळायचं. पोचट आणि रोगट दाणा वर तरंगतो, तो काढून टाकायचा. खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत वाळवायचं. याला पाच रुपये खर्च येत नाही, तरी गावात हे करणारे थोडेच दिसतात.

चार सूत्रं

रायगडच्या भाताबद्दल बोलायचं तर चारसूत्री पद्धत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. ना. कृ. सावंत हे अमेरिकेतल्या आयएफडीसी या आंतरराष्ट्रीय खतसंस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ. भाताला युरिया खोलवर कसा द्यावा हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आपल्या लहान शेतकऱ्याला जमेल अशी चार सूत्रं त्यांनी बसवून दिली.

पहिलं सूत्र पिकाचं पिकाला परत देण्याचं. आपण राब भाजतो. फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळतो. त्याचा फायदा दोन प्रकारचा, वरच्या थरातलं तणाचं बी मरतं आणि राख मिळते. पण त्यासाठी डोंगराच्या फांद्या तोडाव्या लागतात आणि शेतात गेलं असतं ते शेण जळून जातं. चारसूत्रीत भाताच्या तुसाची काळी राख वापरतात, गादीवाफ्यावर चौरस मीटरला साधारण एक किलो, मातीच्या वरच्या थरात मिसळून. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. ती मिळाली की रोपाची काडी टणक होते, पान ताठ उभं राहतं, खोडकिड्याला आणि करप्याला आत शिरायला जड जातं. गिरणीवर तूस पडून असतं. पेंढ्यातला थोडा भाग शेतात गाडायलाही सांगतात, पण ज्याच्याकडे गुरं आहेत तो पेंढा गाडणार नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरं सूत्र गिरिपुष्पाचं. बांधावर याच्या फांद्या खोचल्या तरी लागतात. चिखळणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला खाचरात पसरायचा. पानं गळली की काटक्या उचलून घ्यायच्या आणि चिखळणी करायची. पाला चिखलात लवकर कुजतो आणि नत्र देतो.

तिसरं सूत्र लावणीचं. दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटर अशा आलटून-पालटून खुणा करायच्या. ओळीतली दोन चुडं १५ सेंटीमीटरवर, मग २५ ची मोकळी जागा. ओळींमध्येही तसंच. म्हणजे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. चार चुडांना ४० बाय ४० सेंटीमीटर जागा मिळते. गुंठ्यात असे सुमारे ६३० चौकोन बसतात, म्हणजे अडीच हजारांवर चूड आणि मीटरला २५. वरच्या हिशोबातले २५ चूड इथून आले.

चौथं सूत्र खरं पैशाचं आहे. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी (ब्रिकेट) लावणीच्याच दिवशी ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचायची. गुंठ्याला पावणेदोन किलो गोळ्या पुरतात.

खोल का? हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. उभ्या पाण्यात युरिया फेकला की तो विरघळून अमोनियाच्या रूपात येतो. त्यातला काही भाग पाण्यावरूनच हवेत उडतो. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात पाण्यातून थोडी हवा पोचते. तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं, ते खालच्या बिनहवेच्या थरात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करून पुन्हा हवेत सोडतात. त्यात आपल्याकडचा पाऊस. रात्रीत खाचर भरून बांधावरून पाणी वाहिलं की उरलेला युरिया खालच्याच्या शेतात. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर फेकलेल्या युरियाचा जेमतेम तिसरा हिस्सा भाताच्या पोटात जातो. गोळी खोल चिखलात गेली की अमोनिया मातीच्या कणांना चिकटून बसतो. त्याला हवा मिळत नाही, त्यामुळे त्याचं नायट्रेट होत नाही, आणि मुळं हळूहळू त्याच्यापर्यंत जातात. एकदा दिलं की वरून पुन्हा युरिया टाकायची गरज पडत नाही. कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. गोळ्यांमधून ५८-६० किलो जातं आणि पीक कमी येत नाही. बांगलादेशात हेच तंत्र 'गुटी युरिया' या नावाने लाखो शेतकऱ्यांनी घेतलं.

एक इशारा मात्र इथे द्यायलाच हवा. जिथे पाणी ठरत नाही अशा पुळणीच्या, रेताड खाचरात ही गोळी फुकट जाते. ती विरघळून पाण्याबरोबर खाली निघून जाते. समुद्राला लागून असलेल्या शेतात आधी माती मुठीत दाबून बघा. गोळा होत नसेल तर तिथे युरिया थोडा-थोडा, तीन हप्त्यांत, पाणी कमी करूनच द्यावा. आणि गोळ्या तालुक्याच्या दुकानात ऐन लावणीच्या दिवशी मिळतीलच असं नाही. मे महिन्यात चौकशी करावी लागते.

युरियाची ४५ किलोची गोण २६६ रुपयांना मिळते. डीएपीची ५० किलोची गोण १,३५० रुपयांना. युरिया स्वस्त, म्हणून तो जास्त पडतो. भात हिरवागार दिसतं, शेतकरी खूश होतो आणि तुडतुडेही खूश होतात. जास्त नत्राने पान मऊ होतं, पीक लोळतं, कीड वाढते. मग फवारणी. इंडोनेशियात १९८० च्या दशकात फवारण्या वाढवून तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकिडे औषधाने आधी मेले. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या. आठवड्यातून एकदा शेतात उतरायचं, चुडावर किडे किती आणि कोळी किती ते मोजायचं आणि मगच ठरवायचं. आपल्या कृषी खात्याच्या शेतीशाळा त्याच धर्तीच्या आहेत. गावात शेतीशाळा लागली की नाव घालावं, चहापुरतं जाऊ नये.

मजूरच नसेल तर?

खरी अडचण ही आहे. जूनमध्ये काशीदच्या लॉजवर, हॉटेलात काम मिळतं, मग लावणीला कोण येणार? पूर्वी सावडीने लावणी व्हायची, ती आता मोडत चालली. दोरी धरून, गोळी खोचून लावायचं म्हणजे वेळ आणखी जास्त.

त्यासाठी दुसरा रस्ता रायगडातच निघाला. कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राइस तंत्र' बसवलं. लोक त्याला एसआरटी म्हणतात. चिखळणी नाही, रोपवाटिका नाही, लावणी नाही. एकदाच गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने २५ सेंटीमीटरवर भोकं पाडायची आणि त्यात थेट बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, उपटायची नाहीत. ती कुजली की माती भुसभुशीत होते, गांडुळं येतात. पुढच्या हंगामात त्याच वाफ्यावर पुन्हा टोकणी. चिखळणीचा भाडेखर्च वाचतो आणि लावणीची मजुरी वाचते.

यात गोम आहे ती तणाची. चिखळणी आणि उभं पाणी या दोन गोष्टी भातात तण दाबायलाच असतात. त्या काढल्या की तण वर येतं. एसआरटीत तणनाशक वेळेवर मारावं लागतं किंवा बेणणीला माणूस लागतो. टोकणी पहिल्या पावसाबरोबर झाली नाही आणि शेत पाण्याने भरलं तर बी कुजतं. म्हणून पाणथळ खाचरात हा प्रयोग करू नये. उंचवट्याच्या, निचऱ्याच्या पाच गुंठ्यांत पहिलं वर्ष करून बघावा.

वीस गुंठ्यांचं उत्पन्न गुंठ्याला ४० किलोवरून ५५ वर नेलं असं धरू. तीन क्विंटल भात वाढलं. २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे ७,१०० रुपये वाढले. चांगलं आहे, पण एवढ्यावर पोरगा मुंबईहून परत येणार नाही. भात हे घरच्या तांदळाचं पीक. पैसा त्याच्या पुढे आहे.

भातानंतरचा ओलावा

ऑक्टोबरअखेर हळवं भात निघतं तेव्हा खाचरात ओल असते. ती डिसेंबरपर्यंत उडून जाते. तिच्यावर रायगडचा कडवा वाल येतो. हळव्या जातीचा खरा फायदा इथे आहे, शेत पंधरा-वीस दिवस आधी मोकळं होतं. गरवं लावलं की वाल उशिरा पेरला जातो आणि फुलोऱ्यात ओल संपते. बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचं खत चोळलं तर मुळांवरच्या गाठी भरतात, हवेतलं नत्र जमिनीत येतं आणि पुढच्या भाताला त्यातलं थोडं मिळतं. दापोली विद्यापीठाच्या कोकण वाल १ आणि २ या जाती आहेत, पण चवीसाठी स्थानिक कडव्याला गिऱ्हाईक वेगळंच.

आणि गिऱ्हाईक तर दारात येतं. थंडीत पोपटी लावायला वालाच्या ओल्या शेंगा लागतात. वाळवून, सोलून विकण्यापेक्षा जानेवारीत पोपटीच्या शेंगा म्हणून विकल्या तर मेहनत कमी. थोड्या शेंगा तशा विकायच्या, उरलेला वाल घरात, डाळिंब्यांना. शेजारच्या अलिबाग तालुक्यात कार्ले, खंडाळे भागात भातानंतरच पांढरा कांदा घेतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नाव आपल्याला लावता येणार नाही, पण नावामागे काय आहे ते शिकण्यासारखं आहे. एक पीक, एकच चव, माळ करून विकायची पद्धत, आणि वर्षानुवर्षं स्वतःच राखलेलं बी.

वाडी : निसर्गनंतरची पाच वर्षं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. गुंठ्यांत मोजणाऱ्याला त्याचे गुंठ्याला ५०० होतात. पुढे झाडामागे मदत ठरली, सुपारीला ५० आणि नारळाला २५० रुपये. सुपारीचं झाड लावल्यापासून पाच-सात वर्षांनी फळ देतं. त्यामुळे वादळानंतर लगेच लावलेली झाडं आता कुठे धरायला लागलीत.

नवीन लावताना जुनी चूक तशीच राहिली, ती दाटीची. सुपारीत अंतर हवं २.७ मीटर, म्हणजे नऊ फूट. गुंठ्याला १४ झाडं बसतात. पुष्कळ वाड्यांत याच्या दीडपट-दुप्पट असतात, कारण पडलेल्या बीचं रोप उगवलं की ते तिथेच वाढू द्यायची सवय. दाट सुपारी उजेडासाठी उंच पळते, खोड बारीक होतं आणि वाऱ्याला पहिली मोडते. नारळाला साडेसात मीटर हवेत, गुंठ्याला दोन झाडंही बसत नाहीत.

नारळाची कामाची मुळं खोडापासून दोन मीटरच्या आत असतात. साडेसात मीटरच्या चौकोनाचं क्षेत्र ५६ चौरस मीटर, मुळांच्या गोलाचं साडेबारा. म्हणजे बाकीची तीन चतुर्थांश जमीन नारळाला लागतच नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने याच मोकळ्या जागेवर 'लाखी बाग' ही कल्पना उभी केली. नारळात जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळी, अननस असे मजले करायचे. लाखाचा आकडा पाटीवर छान दिसतो. प्रत्यक्षात पाणी, सावली आणि राखण या तिन्ही गोष्टी असतील तरच तो जवळ येतो. पण दिशा बरोबर आहे. नारळाचा भाव पडला तर मिरी हात देते.

यात एक गोष्ट माहीत नसली तर सात-आठ वर्षं वाया जातात. जायफळाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बीपासून केलेल्या रोपांत निम्मी नर निघू शकतात आणि ते फुलं आल्यावरच कळतं. म्हणून कलमंच आणायची. कोकण सुगंधा ही विद्यापीठाची जात आहे, आणि कोकण संयुक्ता या जातीत नर-मादी फुलं एकाच झाडावर येतात. चार गुंठ्यांच्या वाडीला एकच जायफळ लावायचं असेल तर ही बरी. मिरीचा वेल नारळ-सुपारीच्या उत्तर बाजूला लावायचा, दक्षिणेचं ऊन त्याला भाजतं.

ऊन सुपारीलाही भाजतं. वादळात वरचं छत्र गेलं आणि बचावलेल्या सुपारीच्या खोडाच्या नैऋत्य बाजूला उन्हाचे चट्टे पडले. नंतर तिथेच खोड तडकतं आणि वाऱ्यात मोडतं. कोवळ्या रोपांच्या दक्षिण-पश्चिम अंगाला केळी लावायच्या त्या केळ्यांच्या घडापेक्षा सावलीसाठी. तसंच पडलेली खोडं वाडीत कुजत ठेवली तर गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो. सोंड्या भुंगा जखम झालेल्या माडात शिरतो. खोड तोडून वाडीबाहेर न्यायचं, नाहीतर जाळायचं. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळली की गेंड्याच्या अळ्या तिथेच मरतात.

पावसात सुपारी काळी पडून गळते तो कोळेरोग. त्याला एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करायचं आणि लोखंडी भांडं वापरायचं नाही. पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. गळ दिसल्यावर फवारली तर फवारणाऱ्याची मजुरी तेवढी जाते.

माडाच्या बुंध्यात मीठ टाकायची जुनी रीत आहे. तिला आधार आहे, नारळाला क्लोरीन लागतं. पण काशीदला खारा वारा वर्षभर आहे, तेवढं मीठ हवेतूनच मिळतं. त्या पैशाचं पोटॅश घेतलं तर चालेल, नारळ नत्रापेक्षा पोटॅश जास्त उचलतो. विकायचं काय तेही बघावं. नारळ तयार व्हायला वर्ष लागतं, शहाळं सहा-सात महिन्यांत उतरतं आणि पर्यटक शहाळंच मागतो. शहाळ्यासाठी नारिंगी ठेंगणी जात चालते, ती खालूनच काढता येते, झाडावर चढणारा माणूस शोधावा लागत नाही.

आणि विहीर. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मे महिन्यात मोटर जास्त वेळ चालवली की खालचं खारं पाणी वर येतं. ठिबकने माडाला रोज ३०-४० लिटर पुरतं. पाटाने द्यायला लागलो तर विहीरच बिघडते.

शिकायचं कुठे?

किल्ला-रोह्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. श्रीवर्धनी ही सुपारीची जात तिथलीच. भातासाठी कर्जत. ही सगळी दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची केंद्रं, १९७२ पासूनच्या विद्यापीठाची. एसटीने जाऊन येता येतं आणि विचारायला पैसे पडत नाहीत. जाताना हातात रोगट पान किंवा मातीची पिशवी घेऊन जावी, नुसतं "सुपारी गळते" सांगितलं तर उत्तरही मोघमच मिळतं. फोनवर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मराठीत बोलतो. घरबसल्या परीक्षा द्यायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ शेतीचे अभ्यासक्रम चालवतं. यूट्यूबवरही पुष्कळ आहे, पण बोलणारा घाटावरच्या काळ्या जमिनीचं सांगतोय की आपल्या तांबड्या, आंबट मातीचं, ते आधी बघावं. आपल्या मातीत लोह जास्त, त्यामुळे टाकलेलं स्फुरद अडकून पडतं. घाटावरचा डोस इथे चालत नाही.

रानडुक्कर आणि माकडांवर मात्र कुठल्याच केंद्राकडे रामबाण नाही. फणसाड अभयारण्य १९८६ पासूनचं, गावाला खेटून. वाल डोंगराच्या कडेला न लावता घराजवळच्या खाचरात लावणं आणि चार-पाच जणांनी एकत्र राखण करणं, सध्या तरी एवढंच होतं. नुकसान झालं तर पंचनाम्यासाठी वन खात्याकडे लगेच अर्ज द्यावा लागतो, पीक साफ केल्यावर पंचनाम्याला काही उरत नाही.

माती तपासायची वेळ उन्हाळ्याची, खत टाकायच्या आधीची. खाचरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. बांधाजवळ, झाडाखाली, शेणाच्या ढिगाच्या जागी घ्यायची नाही. सगळी एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत घालायची. आत चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक आणि पुढचं पीक. वाडीची माती वेगळी आणि खाचराची वेगळी, दोन पिशव्या कराव्या लागतात. आणि खाडीकाठचं शेत असेल तर क्षार तपासायला सांगा, तसं चिठ्ठीवरच लिहून द्या.